देतो आणि दिले : इंग्रजीत कालची गोष्ट कशी सांगावी

दसरा झाला की आपल्या बीड जिल्ह्यातली कितीतरी गावे अर्धी रिकामी होतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर या बाजूची माणसे ऊस तोडायला निघतात. बायामाणसे, लेकरे, भांडीकुंडी, सगळे बिऱ्हाड गाडीत चढते. कोणी सातारा, सांगली, कोल्हापूरकडे जातो, कोणी कर्नाटकात जातो. पुढचे चार-पाच महिने कोपीत काढायचे. कारखान्याचा पट्टा पडला की गावची वाट धरायची.

अशाच एका घरातला मुलगा आहे असे समजा. आईबापाबरोबर तो कारखान्यावर राहून आला. गावी परतल्यावर शाळेत गेला. तास इंग्रजीचा होता. बाईंनी विचारले, "काल तू कुठे गेला होतास? इंग्रजीत सांग."

मुलाने डोके चालवले. जाणे म्हणजे 'गो'. काल झालेली गोष्ट सांगायची तर शब्दाच्या शेवटी 'ड' लावायचा, हे त्याला आठवत होते. तो उभा राहिला आणि म्हणाला, "आय गोड टू बीड."

सगळा वर्ग हसला. एक पोरगा म्हणाला, "गोड? शिरा खाल्ला का जिलेबी?" मुलगा खाली बसला. त्या दिवशी तो पुन्हा बोलला नाही.

संध्याकाळी तो बापाला म्हणाला, "मला इंग्रजी येत नाही. मी उद्यापासून शाळेत जात नाही."

बाप स्वतः नुकताच लिहायला-वाचायला शिकलेला. इंग्रजीचे एक अक्षर त्याला ओळखू येत नाही. त्याने काय करावे?

हा धडा त्या बापासाठी आहे, आणि तुमच्या-आमच्यासाठीही आहे. पूर्वी आपल्या राज्यात मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. सन २००० पासून ते पहिलीपासून सुरू झाले. तेव्हापासून इंग्रजीचे पुस्तक गावोगाव घरात आले आहे. ते पुस्तक आपल्याला परके वाटते. पण त्यातली एक गोष्ट आपल्याला आधीपासून येते. ती कोणती, ते पाहू.

१. व्यवहार सगळा एका शब्दात

तुम्ही बाजारात शेळी विकली. घेणारा म्हणाला, "पैसे देतो." तुम्ही घरी येऊन "पैसे दिले" असे सांगाल का? मुळीच नाही. 'देतो' म्हणजे अजून हातात काही नाही. 'दिले' म्हणजे पैसे कनवटीला लागले. 'उचल फेडतो' आणि 'उचल फेडली' यांतही असाच जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात कर्ज डोक्यावर आहे, दुसऱ्यात माणूस मोकळा झाला आहे.

जी गोष्ट होऊन गेली तिच्या काळाला भूतकाळ म्हणतात. नाव जड आहे, पण गोष्ट रोजची आहे. देतो, घेतो, जातो हा आजचा काळ. दिले, घेतले, गेलो हा भूतकाळ.

इंग्रजीत 'देतो' याला 'गिव्ह' म्हणतात आणि 'दिले' याला 'गेव्ह' म्हणतात. नीट पाहा. फरक किती? वेलांटी गेली आणि मात्रा आली, एवढाच. पण 'आय गिव्ह मनी' म्हणजे मी पैसे देतो, आणि 'आय गेव्ह मनी' म्हणजे मी पैसे दिले. एखाद्याने पैसे देऊन टाकले आणि कागदावर 'गिव्ह' लिहून दिले, तर वाचणारा म्हणेल, "पण दिलेत कधी?" दवाखान्यातही तेच. 'टेक' म्हणजे औषध घेतो. 'टुक' म्हणजे घेतले. डॉक्टरला दोन्हींतला फरक कळला पाहिजे. नाहीतर औषध दुसऱ्यांदा दिले जाईल, नाहीतर दिलेच जाणार नाही.

२. 'करलं' नाही, 'केलं' म्हण

मराठीत भूतकाळ कसा होतो? बहुतेक शब्दांना शेवटी ला, ली, ले लागते. बस, बसला. चाल, चालला. तोड, तोडला. पेर, पेरला. उठ, उठला. हा सरळ रस्ता आहे.

आता लहान लेकरू बोलायला लागले की काय होते ते आठवा. तीन वर्षांचे लेकरू म्हणते, "आजी, मी काम करलं." आजी हसते. "आरं, करलं काय म्हणतोस? केलं म्हण." लेकरू म्हणते, "केलं." काम झाले.

लेकरू 'करलं' का म्हणाले? घरात कोणीच 'करलं' म्हणत नाही. मग त्याने ऐकले कुठे? कुठेच ऐकले नाही. त्याने बसलं, चाललं, तोडलं हे ऐकले. त्यातून आपल्या मनाने नियम काढला. तोच नियम 'कर' या शब्दाला लावला. नियम बरोबर लावला, पण शब्द नियमाबाहेरचा निघाला. म्हणजे लेकराने चूक केली ती डोके चालवून केली.

इंग्रजी बोलणाऱ्यांच्या घरीही लहान लेकरे अगदी असेच करतात. त्यांना 'वेंट' म्हणायचे असते आणि ती 'गोड' म्हणतात. आपल्या मुलानेही शाळेत तेच केले. त्याने नियम ओळखला होता. म्हणून तो हसण्याजोगा नव्हता, शाबासकी देण्याजोगा होता. त्याला फक्त आजीसारखे कोणीतरी सांगायला हवे होते, "गोड नाही रे, वेंट म्हण."

मराठीत असे नियमाबाहेरचे शब्द किती आहेत पाहा. कर, केला. मर, मेला. जा, गेला. ये, आला. दे, दिला. घे, घेतला. खा, खाल्ला. घाल, घातला. धू, धुतला. माग, मागितला. सांग, सांगितला. हो, झाला. हे तुम्हाला कोणी पाटीवर शिकवले नाही. तुमची आजी निरक्षर असेल, तरी हे सगळे तिला येत होते आणि तिने ते तुम्हाला दिले. ती तुमची व्याकरणाची पहिली बाई.

हिंदीतही असेच आहे. 'करना' याचे 'किया' होते आणि 'जाना' याचे 'गया' होते. मग इंग्रजीतही असले शब्द असले तर नवल काय?

३. इंग्रजीचा सरळ रस्ता

आधी सरळ रस्ता पाहू. इंग्रजीत बहुतेक शब्दांना भूतकाळी शेवटी ई आणि डी ही दोन अक्षरे लागतात. त्याचा उच्चार कधी 'ड' होतो, कधी 'ट' होतो, तर कधी 'एड' होतो.

कॉल म्हणजे हाक मारणे. त्याचे झाले कॉल्ड.
वॉक म्हणजे चालणे. त्याचे झाले वॉक्ट.
वॉन्ट म्हणजे पाहिजे असणे. त्याचे झाले वॉन्टेड.

यातले काही शब्द तुमच्या तोंडी आहेतच. मोबाइलवर 'मिस्ड कॉल' येतो. 'मिस' म्हणजे हुकणे. त्याला शेवटी 'ड' लागला. मिस्ड कॉल म्हणजे हुकलेला कॉल. क्रिकेटमध्ये गडी 'बोल्ड' होतो. तोही 'बोल' या शब्दाला 'ड' लागून झालेला शब्द आहे.

इंग्रजीत एक सोयही आहे. आपल्याकडे तो गेला, ती गेली, ते गेले, त्या गेल्या, मी गेलो, तू गेलास. माणूस बदलला की शब्द बदलतो. भाकर खाल्ली आणि आंबा खाल्ला. वस्तू बदलली तरी शब्द बदलतो. इंग्रजीत तसे नाही. मी, तू, तो, ती, आम्ही, ते, सगळ्यांना एकच 'वेंट'. भाकर असो की आंबा असो, खाल्ल्याला एकच 'एट'. मराठीचा एवढा पसारा ज्याला सांभाळता येतो, त्याला इंग्रजी का जमू नये?

४. नियमाबाहेरचे शब्द

आता आडवाटेचे शब्द. इंग्रजीत असे दीडशे-दोनशे शब्द आहेत. घाबरू नका. रोज लागणारे फार तर पन्नास-साठ आहेत. शिवाय त्यांचे गट पाडता येतात. जसे जोंधळा, तूर, करडई आपण वेगवेगळ्या पोत्यांत भरतो, तसे हे शब्द चार पोत्यांत भरू.

पहिले पोते : न बदलणारे शब्द. 'कट' म्हणजे तोडणे. काल तोडला तरी 'कट'च. आज ऊस तोडतो, 'आय कट केन'. काल ऊस तोडला, तरी 'आय कट केन'. काल की आज, हे पुढच्या-मागच्या शब्दावरून समजायचे. 'यस्टरडे' म्हणजे काल, 'टुडे' म्हणजे आज. 'पुट' म्हणजे ठेवणे, 'शट' म्हणजे बंद करणे, 'हर्ट' म्हणजे दुखावणे. हेही बदलत नाहीत.

दुसरे पोते : पोटात बदलणारे शब्द. यांना शेपूट लागत नाही. मधला स्वर बदलतो.

येणे : कम, केम
देणे : गिव्ह, गेव्ह
घेणे : टेक, टुक
बसणे : सिट, सॅट
पिणे : ड्रिंक, ड्रँक
खाणे : ईट, एट
लिहिणे : राइट, रोट
पाहणे : सी, सॉ
पळणे : रन, रॅन
पडणे : फॉल, फेल
बोलणे : स्पीक, स्पोक

तिसरे पोते : शेवटी ट किंवा ड येणारे, पण आतूनही बदलणारे शब्द. थोडी शेपूट, थोडे पोट.

झोपणे : स्लीप, स्लेप्ट
पाठवणे : सेंड, सेंट
खर्च करणे : स्पेंड, स्पेंट
सांगणे : टेल, टोल्ड
विकणे : सेल, सोल्ड
विकत घेणे : बाय, बॉट
आणणे : ब्रिंग, ब्रॉट
शिकवणे : टीच, टॉट
पकडणे : कॅच, कॉट
बनवणे : मेक, मेड

यातला 'कॉट' तुम्हाला ओळखीचा वाटेल. क्रिकेटमध्ये झेल पकडला की 'कॉट' म्हणतात, तोच हा शब्द. मोबाइलवरून निरोप गेला की काही वेळा 'सेंट' असे अक्षर दिसते, तेही इथलेच. बिलावर 'पेड' असा शिक्का मारतात. 'पे' म्हणजे पैसे भरणे, 'पेड' म्हणजे भरले. याचा उच्चार सरळ आहे, पण लिहिताना अक्षरे थोडी वेगळी येतात. तो शिक्का दिसल्याशिवाय खिडकीवरून हलू नये, हे तुम्हाला सांगायला नको.

चौथे पोते : ओळख न पटणारे शब्द. यात थोडेच शब्द आहेत, पण पदोपदी लागतात. जाणे म्हणजे गो, गेला म्हणजे वेंट. आहे म्हणजे इज, होता म्हणजे वॉज. अनेकजण असले, किंवा 'तू' असला, तर होते याला 'वेअर' म्हणायचे. आय वॉज, ही वॉज, शी वॉज. यू वेअर, वी वेअर, दे वेअर. भूतकाळात माणसाप्रमाणे बदलणारा एवढा एकच शब्द इंग्रजीत आहे.

५. हे शब्द असे का?

तुम्ही म्हणाल, कोणी मुद्दाम आपल्याला छळायला हे केले काय? नाही. भाषा कोणी एका दिवशी बसून करत नाही.

'गो' आणि 'वेंट' हे मुळात दोन वेगळे शब्द. जुन्या इंग्रजीत 'वेंड' असा जाण्याच्या अर्थाचा दुसरा शब्द होता. 'वेंट' हा त्याचा भूतकाळ. पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी लोकांनी 'गो'चा जुना भूतकाळ टाकून दिला आणि त्या जागी 'वेंट' घेतला. एका घरचा नवरा, दुसऱ्या घरची नवरी, आणि संसार जमला.

आता आपल्या मराठीकडे पाहा. 'जा' आणि 'गेला' यांत एक तरी अक्षर सारखे आहे काय? 'जा' हा शब्द संस्कृतातल्या 'याति' या शब्दावरून आला. 'गेला' हा 'गत' या शब्दावरून आला. म्हणजे आपल्याकडेही दोन घरांची सोयरीकच झाली आहे. 'हो' आणि 'झाला' यांचेही तसेच. 'झाला' हा 'जात' या संस्कृत शब्दावरून आला. जुन्या मराठी पोथ्यांत तो 'जाला' असा लिहिलेला सापडतो. आपल्या अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांनी 'विवेकसिंधु' हा ग्रंथ शके १११० मध्ये, म्हणजे इसवी सन ११८८ मध्ये लिहिला असे परंपरेने मानतात. तेव्हापासून आजवर मराठी किती पिढ्यांच्या तोंडातून आली! वाटेत काही शब्द झिजले, काही बदलले, काही जसेच्या तसे राहिले.

मग नियमाबाहेरचे शब्द टिकले कसे? याचे कारण सोपे आहे. ते रोजचे शब्द आहेत. रोजच्या वाटेवर गवत उगवत नाही. जो शब्द दिवसातून पन्नास वेळा कानी पडतो, त्याचे जुने रूप कोणी विसरत नाही. जो क्वचित लागतो त्याचे जुने रूप विसरते, मग लोक त्याला सरळ नियम लावून मोकळे होतात. इंग्रजीत 'हेल्प' म्हणजे मदत करणे. त्याचा भूतकाळ पूर्वी 'होल्प' होता. तो मागे पडला. आता 'हेल्प्ट' म्हणतात. पण गो, कम, टेक, गिव्ह, सी, मेक हे शब्द घरोघरी रोज चालतात, म्हणून ते आपल्या जुन्या चालीवर राहिले.

यात आपला फायदाच आहे. अवघड शब्द तेच आहेत जे सारखे लागतात. म्हणून ते सारखे कानावर येतील, आणि कानावर आले की तोंडात बसतील.

६. एकच चूक, पण सगळ्यांची

आपल्या माणसांची एक चूक नेहमी होते. ती मराठीमुळेच होते. आपण म्हणतो, "तो गेला नाही." आपल्या वाक्यात 'गेला' तसाच राहतो, पुढे 'नाही' येते. म्हणून आपण इंग्रजीत म्हणतो, "ही नॉट वेंट." ते चूक आहे.

इंग्रजीत 'नाही' म्हणायचे किंवा प्रश्न विचारायचा तर बहुधा 'डिड' हा शब्द मदतीला घ्यावा लागतो. 'डिड' हा स्वतःच भूतकाळाचा शब्द आहे. भूतकाळाचे ओझे त्याने आपल्या डोक्यावर घेतले की दुसऱ्या शब्दाला ते वाहावे लागत नाही. तो आपल्या मूळ रूपात परत येतो. मोळी एकाने डोक्यावर घेतली की दुसऱ्याने तीच मोळी धरून चालायचे नाही, तसे.

तो गेला : ही वेंट.
तो गेला नाही : ही डिड नॉट गो.
तो गेला का? : डिड ही गो?

'डिड ही वेंट' असे कधी म्हणू नये. एका वाक्यात ओझे एकाच्याच डोक्यावर. 'वॉज' आणि 'वेअर' मात्र धडधाकट आहेत. त्यांना 'डिड'ची मदत लागत नाही. 'ही वॉज नॉट अॅट होम' म्हणजे तो घरी नव्हता.

७. घरी काय करावे?

लेकरू चुकले तर हसू नका. मारू तर नकाच. ज्या लेकराला एकदा हसले, ते पुढे बोलायचेच सोडून देते. आणि जो बोलत नाही त्याला भाषा येत नाही. ऊसतोडीला गेलेल्या लेकरांची शाळा आधीच चार-पाच महिने बुडते. गावी हंगामी वसतिगृह असेल तर लेकराला तिथे ठेवता येते का, ते गुरुजींना विचारा. पण जे लेकरू परत शाळेत आले आहे, त्याला एका शब्दासाठी घरी बसू देऊ नका.

आजीची रीत धरा. लेकराने "आय गोड" म्हटले तर तुम्ही शांतपणे म्हणा, "बरं, आय वेंट. मग पुढे?" बरोबर शब्द त्याच्या कानी पडला. तो उद्या तसेच म्हणेल. नाही म्हटला तर परवा म्हणेल.

तुम्हाला बरोबर शब्द माहीत नसेल तर लाजू नका. म्हणा, "पुस्तकात बघ आणि मला सांग." लेकराने बापाला सांगितलेला शब्द लेकरू जन्मभर विसरत नाही.

रोज तीनच जोड्या घ्या. भाकरी थापताना, गुरांना चारा टाकताना म्हणा. गो, वेंट. कम, केम. सी, सॉ. नुसता शब्द पाठ करू नका, वाक्यात घाला. आय वेंट टू बीड. आय सॉ द बझार. आय केम होम. मी बीडला गेलो, बाजार पाहिला, घरी आलो. तीन शब्दांत एक दिवस सांगून झाला.

८. करून पाहा

खाली पाच वाक्ये आहेत. ती इंग्रजीत सांगा. शब्द वर आलेलेच आहेत. लेकराला जवळ घेऊन बसा.

१) मी शेळी विकत घेतली. (शेळी म्हणजे गोट.)
२) आईने पाणी आणले. (पाणी म्हणजे वॉटर. आई म्हणजे मदर.)
३) आम्ही कापूस विकला. (कापूस म्हणजे कॉटन.)
४) त्याने पैसे दिले नाहीत.
५) त्याने पैसे दिले.

उत्तरे : १) आय बॉट अ गोट. २) मदर ब्रॉट वॉटर. ३) वी सोल्ड कॉटन. ४) ही डिड नॉट गिव्ह मनी. ५) ही गेव्ह मनी.

चौथ्या आणि पाचव्या वाक्यातला फरक नीट ध्यानात ठेवा. चौथ्यात 'गिव्ह' आहे, कारण ओझे 'डिड'ने घेतले. पाचव्यात 'गेव्ह' आहे, कारण ओझे त्याला स्वतःला वाहायचे आहे. आणि व्यवहारात म्हणाल, तर पाचवे वाक्य कानी पडेपर्यंत आपण हिशेबाच्या जागेवरून उठायचे नाही.